परतीच्या वाटेवर मागे पडणारा रक्षक: वायबी-40 विमानाचं प्रकरण

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर नाही नाही ते प्रयोग झाले. नाकात रणगाड्याच्या जातीची 75 मिलिमीटरची तोफ बसवून झाली, पोटाखाली तोफांच्या पेट्या टांगून झाल्या, पाठीतून वर तिरक्या डागणाऱ्या बंदुकाही बसवून झाल्या. यातले बरेच प्रयोग विचित्र म्हणून आठवले जातात. मी निवडलेलं प्रकरण विचित्र नाही, उलट कागदावर इतकं सरळ आणि पटणारं आहे की आपण त्या बैठकीत असतो तर आपणही मान डोलावली असती. अमेरिकी सैन्यदलाने बी-17 या बॉम्बफेकी विमानातून बॉम्ब काढले, त्या जागी बंदुका आणि काडतुसं भरली आणि बाकीच्या विमानांचा रक्षक म्हणून ते पाठवलं. त्याचं नाव वायबी-40.

माणसांची नावं इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. निर्णय कसे झाले हे बघायचंय. कोणी केले हा वेगळा विषय आहे. तळ, तारखा, आकडे मात्र आहेत तसे दिले आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने 17 ऑगस्ट 1942 रोजी इंग्लंडमधून पहिला मोठा दिवसाढवळ्याचा हल्ला केला. बारा बी-17 विमानं, लक्ष्य फ्रान्समधलं रुआं शहराजवळचं रेल्वेचं यार्ड. सगळी परत आली. ब्रिटिश तोवर रात्रीच्या हल्ल्यांकडे वळले होते, कारण दिवसा त्यांची विमानं टिकत नव्हती. अमेरिकनांचं म्हणणं वेगळं होतं. बी-17 वर दहाच्या आसपास बंदुका असतात, अशी वीसेक विमानं एकमेकांना धरून उडाली की कुठल्याही बाजूने येणाऱ्या शत्रूवर एकाच वेळी अनेक बंदुका रोखल्या जातात, म्हणून बॉम्बफेकी विमान स्वतःचं रक्षण स्वतः करू शकतं. आठव्या हवाई दलाचं सगळं गणित या एका गृहीतकावर उभं होतं. जानेवारी 1943 च्या कॅसाब्लांका परिषदेत ब्रिटिशांनी रात्रीच्या हल्ल्यांचा आग्रह धरला, तेव्हाही अमेरिकनांनी दिवसाचे हल्ले चालू ठेवण्याची मुभा मिळवली. म्हणजे आता मागे फिरणं अवघड होतं. जाहीरपणे पत लावून झाली होती.

संरक्षणाला लढाऊ विमानं नव्हती असं नाही. ब्रिटिश स्पिटफायर होती, 1943 च्या वसंतात अमेरिकी पी-47 आली. पण दोन्हींच्या पोटात इंधन थोडं. इंग्लिश खाडी ओलांडून थोडं आत गेलं की त्यांना परत फिरावं लागायचं. लांब पल्ल्याची पी-38 विमानं 1942 च्या अखेरीस उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेकडे वळवली गेली होती. जर्मन वैमानिकांनाही हे ठाऊक होतं. सोबतची लढाऊ विमानं वळेपर्यंत ते थांबत आणि मग तुटून पडत.

अडचण

नोव्हेंबर 1942 मध्ये, सँ-नाझेअरच्या पाणबुडी तळावरच्या हल्ल्याच्या वेळी, एका जर्मन तुकडीने बी-17 वर समोरून हल्ला करून पाहिला. तोपर्यंतची पद्धत मागून येण्याची. मागे शेपटीत जोड बंदुका असतात, त्यामुळे मागून येणाऱ्याला बराच वेळ गोळ्या खाव्या लागत. समोर काय होतं? बी-17एफ या तेव्हाच्या आवृत्तीच्या काचेच्या नाकातून हाताने फिरवायच्या एकट्या-दुकट्या बंदुका. त्यांना ना नीट टप्पा, ना नेम धरायला जागा.

समोरासमोरच्या हल्ल्यात दोन्ही विमानांचे वेग एकत्र होतात. ताशी 900 किलोमीटरच्या आसपास धरा, म्हणजे सेकंदाला अडीचशे मीटर. किलोमीटरभर अंतरावर दिसलेलं विमान तीन-चार सेकंदांत अंगावरून निघून जातं. जर्मन वैमानिकालाही नेम धरायला तेवढेच क्षण मिळत, पण त्याच्यासमोर कॉकपिट असे आणि त्यात दोन वैमानिक शेजारी शेजारी बसलेले. एक गोळी नीट लागली की पुरे.

तळावरच्या शस्त्र दुरुस्तीवाल्यांनी नाकात जादा बंदुका ठोकून पाहिल्या. काही ठिकाणी बऱ्या चालल्या. पण ते ठिगळ होतं आणि नुकसान वाढतच होतं. 17 एप्रिल 1943 रोजी ब्रेमेनवर गेलेल्या शंभराहून थोड्या अधिक विमानांपैकी 16 परतली नाहीत. एका विमानात दहा माणसं असत.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, रात्री उडायचं. तो राजकीयदृष्ट्या बंद झाला होता हे वर आलंच.

दुसरा, विमानांची मांडणी अधिक घट्ट करायची, म्हणजे बंदुकांचं जाळं दाट होईल. हे झालं, त्याचा उपयोगही झाला. पण समोरची पोकळी मांडणीने भरत नाही. सगळ्यांचंच नाक कमकुवत असलं तर वीस कमकुवत नाकं एका रांगेत येतात, एवढंच.

तिसरा, लढाऊ विमानांचा पल्ला वाढवायचा. पंखाखाली जादा टाक्या लावायच्या किंवा मुळातच जास्त इंधन नेणारं विमान आणायचं. आज हेच उत्तर उघड वाटतं. पण त्या काळी अनेक अनुभवी अधिकाऱ्यांना मनापासून वाटत होतं की लांब पल्ल्याचं लढाऊ विमान ही गोष्ट शक्यच नाही. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, जास्त वजन म्हणजे सुस्त विमान, आणि सुस्त विमान चपळ शत्रूपुढे मार खाणार. बाहेरच्या टाक्यांबद्दलही युद्धापूर्वीच्या काळात हवाई दलात नाराजी होती. त्यात आणखी एक गोष्ट. स्वतःचं रक्षण स्वतः करणारं बॉम्बफेकी विमान हा ज्यांचा सिद्धांत, त्यांनी लांब पल्ल्याचं रक्षक विमान मागायचं म्हणजे सिद्धांत चुकला हे लिहून देण्यासारखं होतं.

चौथा पर्याय म्हणजे वायबी-40. त्याची मोहिनी इथेच होती, कारण त्याने सिद्धांताला धक्का लागत नव्हता. बी-17 ची बंदूकशक्ती कमी पडते? मग काही बी-17 वर आणखी बंदुका चढवू. पल्ल्याची चिंता नाही, कारण विमान तेच. वैमानिकांना नवं शिकवायचं नाही, सुट्टे भाग तेच, धावपट्टी तीच. नवं विमान आखून कारखान्यातून बाहेर पडायला दोन-तीन वर्षं जातात, हे काही महिन्यांत होणार होतं. खरं सांगायचं तर त्या चार पर्यायांत मलाही हाच सगळ्यात शहाणा वाटला असता.

पहिला निर्णय: काय बांधायचं

लॉकहीडच्या व्हेगा विभागाने एक बी-17एफ घेऊन नमुना बनवला. त्याला एक्सबी-40 म्हणत. तो 10 नोव्हेंबर 1942 रोजी पहिल्यांदा उडाला. पुढे वीस विमानांचं आणि चार प्रशिक्षण विमानांचं रूपांतर ओक्लाहोमातल्या टल्सा इथल्या डग्लसच्या कारखान्यात झालं.

बदल एकेक करून बघण्यासारखे आहेत. नाकाखाली विजेवर फिरणारा नवा बुरूज बसवला, दोन बंदुकांचा. विमानाच्या हनुवटीला लटकल्यासारखा तो दिसे आणि पुढे त्याचं नावच हनुवटीचा बुरूज पडलं. रेडिओच्या खोलीच्या छतातून एकच बंदूक हाताने चालवायची सोय होती, तिथे दोन बंदुकांचा फिरता बुरूज आला. कमरेच्या दोन्ही खिडक्यांत एकेक बंदूक होती, तिथे जोड्या बसल्या, आणि त्या जड जोड्या वळवायला यांत्रिक मदत दिली. त्या अरुंद नळीत दोघे बंदूकवाले आधीच एकमेकांना पाठ लावून उभे असत, वळताना धडकत. आता प्रत्येकापुढे दोन बंदुका. पाठीवरचा बुरूज, पोटाखालचा गोल बुरूज आणि शेपटी तशीच राहिली. मोजून चौदा बंदुका, सगळ्या अर्ध्या इंच कॅलिबरच्या. शिवाय माणसांभोवती चिलखती पत्रे.

आणि बॉम्बचा कप्पा? तिथे काडतुसांच्या पेट्या. अकरा हजारांच्या वर काडतुसं. आकडा ऐकायला प्रचंड आहे, पण जरा हिशेब करू. चौदा बंदुकांत वाटली तर एकेकीच्या वाट्याला आठशे येतात. ही बंदूक मिनिटाला साधारण आठशे गोळ्या सोडते. म्हणजे सलग ट्रिगर दाबून धरला तर मिनिटभराचा दारूगोळा. अर्थात कोणी सलग दाबत नाही, दोन-तीन सेकंदांच्या झडी मारतात, त्यामुळे तो बराच पुरतो. पण या काडतुसांचं वजन दीड टनांच्या घरात जातं.

सगळं मिळून हे विमान शस्त्रसज्ज बी-17 पेक्षा सुमारे 4,000 पौंडांनी, म्हणजे अठराशे किलोंनी जड झालं. जादा वजन बरंचसं मागच्या बाजूला असल्याने तोल शेपटीकडे झुकला. बाहेर आलेले बुरूज आणि जोड बंदुका वारा अडवत. 20,000 फुटांवर चढायला साध्या बी-17एफ ला 25 मिनिटं लागत, याला 48.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं होतं, असं मला वाटतं. जवळजवळ दुप्पट वेळ. जे विमान चढताना इतकं मागे राहतं, ते इतरांच्या सोबतीने उडणार कसं, हा प्रश्न त्या आकड्यातच बसलेला आहे. त्यावर एक उत्तर होतं आणि ते अगदीच टाकाऊ नव्हतं. जाताना बाकीची विमानं बॉम्बने लादलेली असतात, तीही सुस्तच असतात. लादलेल्याबरोबर लादलेलं चालेल.

दुसरा निर्णय: किती आणि कधी

नमुन्याच्या चाचण्यांचा पूर्ण निष्कर्ष हाती येण्याआधीच विमानांची मागणी नोंदवली गेली होती. युद्धात हे चालतं आणि कधी कधी चालवावंच लागतं. याच काळात बी-24 या दुसऱ्या बॉम्बफेकी विमानाचंही असंच रूपांतर करून पाहिलं होतं, एक्सबी-41 नावाने, चौदा बंदुकांचं. त्याच्या चाचण्या झाल्या आणि मार्च 1943 मध्ये ते नापास ठरलं. एकच बनलं, तिथेच थांबलं. बी-17 च्या भावंडाला मात्र पुढे जाऊ दिलं. एकाच कल्पनेची दोन मुलं, एकाचा निकाल लागलेला असताना दुसरं टल्साहून इंग्लंडला निघालं. यामागे कोणाचा काय हिशेब होता, याची कल्पना करता येते. बी-17 चा ताफा मोठा होता, वेळ हातात नव्हता आणि अंधारात काहीतरी करून पाहणं हे काहीच न करण्यापेक्षा बरं वाटत होतं.

मे 1943 मध्ये पहिली तुकडी अटलांटिक ओलांडून निघाली. त्यातलं एक विमान इंधन संपल्याने स्कॉटलंडच्या एका बेटावर दलदलीत उतरवावं लागलं. बाकीची बारा इंग्लंडमधल्या अल्कनबरी तळावर, 92 व्या बॉम्बर गटाच्या 327 व्या स्क्वाड्रनकडे पोचली.

प्रत्यक्षात काय घडलं

29 मे 1943. लक्ष्य पुन्हा सँ-नाझेअर. सात वायबी-40 बरोबर गेली. जाताना ठीक चाललं. लक्ष्यावर पोचल्यावर बाकीच्या बी-17 नी बॉम्ब टाकले.

आणि हलक्या झाल्या.

इथे सगळं प्रकरण उलगडतं. बॉम्बफेकी विमानाचं वजन निम्म्या वाटेवर उतरतं. दोन-अडीच टन एका क्षणात पोटातून निघून जातात आणि विमान उसळी घेतं, वेग वाढतो. रक्षक विमानाच्या पोटात मात्र काडतुसं, अंगावर चिलखत, बाहेर आलेले बुरूज, सगळं जसंच्या तसं. डागल्या तेवढ्या गोळ्या कमी झाल्या असतील. घाट चढताना भरलेले ट्रक एकाच चालीने जातात. परतताना रिकामे सुसाट निघतात आणि त्यांच्यातला एक अजून भरलेला असेल तर तो मागे दिसेनासा होतो. इथे भरलेला राहिलेला ट्रक म्हणजे पहारेकरी होता.

आता मोहिमेच्या प्रमुखापुढे दोनच वाटा. रक्षकाला मागे सोडावं तर तो एकटा पडतो, आणि गटातून मागे पडलेलं विमान हेच जर्मन वैमानिकांचं आवडतं भक्ष्य. रक्षकासाठी सगळ्यांनी वेग कमी करावा तर शंभर-सव्वाशे विमानं शत्रूच्या आकाशात जास्त वेळ राहतात. ज्याला संरक्षण द्यायला आणलं त्याच्यासाठी इतरांनी धोका पत्करायचा, अशी उलटी परिस्थिती. त्यात कमरेच्या आणि शेपटीच्या बंदुकांना काडतुसं पुरवणाऱ्या पट्ट्यांची व्यवस्था सुधारावी लागणार, हेही पहिल्या फेरीतच कळलं. विमानं दुरुस्तीला घेऊन पुढची मोहीम जूनच्या मध्यावर झाली.

22 जूनला जर्मनीतल्या ह्युल्स इथल्या कृत्रिम रबराच्या कारखान्यावर मोठा हल्ला झाला. त्यात एक वायबी-40 पडलं. सगळ्या मोहिमांत गमावलेलं हे एकमेव.

तिसरा निर्णय: डावपेच बदलणं

तळावरच्या लोकांनी हात टेकले नाहीत. रक्षक विमानं गटांच्या कडेला विखुरण्याऐवजी, शेवटच्या पाच मोहिमांत त्यांची एक जोडी सगळ्यात पुढच्या तुकडीत, मोहीमप्रमुखाच्या विमानाजवळ ठेवली. विचार चांगला होता. समोरून येणारा हल्ला आधी पुढच्यांवर येतो आणि समोरचं आकाश राखायला सगळ्यात योग्य शस्त्र, तो हनुवटीचा बुरूज, याच विमानांवर होता. मागे पडण्याची मूळ अडचण यातून सुटली नाही, पण विमानाचा जो एक गुण खरा होता तो त्यांनी बरोबर ओळखला.

निकाल

29 जुलै 1943 ला कील शहरावरच्या हल्ल्यात वायबी-40 शेवटची उडाली. एकूण 14 मोहिमा, श्रेय मिळालेली 48 उड्डाणं. पाच जर्मन विमानं पाडल्याचा दावा, आणखी दोन बहुधा पडली असा. एक स्वतःचं गमावलं. बॉम्ब शून्य, कारण नेलेच नव्हते.

पाच हा आकडाही हातचा राखून घ्यावा. एकाच जर्मन विमानावर पाच-सहा विमानांतले बंदूकवाले एकदम गोळ्या झाडत आणि ते कोसळलं की प्रत्येकाला आपलंच वाटे. यात खोटेपणा नव्हता, आकाशात तसंच दिसतं. पण मला त्याहून मोठी गफलत मोजमापातच वाटते. रक्षकाचं यश त्याने किती पाडले यावर ठरत नाही, त्याच्यामुळे किती विमानं घरी आली यावर ठरतं. आणि तिथे वायबी-40 ला मुळातच मर्यादा होती. ते आपली जागा सोडून शत्रूच्या मागे जाऊ शकत नव्हतं. जर्मन वैमानिकाला फार तर त्याच्यापासून लांब राहून दुसरं विमान निवडावं लागे. लढाऊ विमान शत्रूला गटापर्यंत पोचूच देत नाही, त्याला पळवतं, दमवतं, त्याचं इंधन संपवतं. वायबी-40 स्वतःभोवती काटेरी कुंपण घालत होतं. शेजारच्या शेताला त्याचा फारसा उपयोग नव्हता.

1943 च्या शेवटाकडे उरलेली विमानं अमेरिकेला परत जाऊ लागली आणि बंदूकवाल्यांच्या प्रशिक्षणासारख्या कामांना लागली.

एक भाग मात्र जगला. हनुवटीचा बुरूज थेट बी-17 च्या पुढच्या आवृत्तीत, बी-17जी मध्ये, कारखान्यातूनच बसून येऊ लागला. त्याचं नियंत्रण नाकात बसून नेम धरून बॉम्ब टाकणाऱ्या माणसाकडे होतं. दोन मुठींची दांडी उजव्या बाजूला दुमडून ठेवलेली असे. नेमयंत्रावर वाकायचं असलं की ती बाजूला सारायची, समोर शत्रू दिसला की ओढून पुढ्यात घ्यायची. बुरूज त्याच्या पायांखाली विजेवर वळे. बी-17जी 8,680 बनली. वायबी-40 च्या वीस विमानांनी आकाशात जे साधलं नाही, ते त्यांच्या एका अवयवाने बरंचसं साधलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट चाचणीची. रक्षक विमानाची तुलना लादलेल्या बी-17 शी करून भागत नव्हतं, रिकाम्या बी-17 शी करायला हवी होती. एक बी-17 बॉम्बसह, एक एक्सबी-40, दोघांनी एकत्र चढायचं, निम्म्या वाटेवर बी-17 ने बॉम्ब रिकाम्या माळावर टाकायचे आणि दोघांनी एकत्र परत यायचं. अमेरिकेत माळ कमी नव्हते. सँ-नाझेअरच्या आकाशात कळलं ते तिथेच कळलं असतं.

दुसरी, हा अनुभव जगात आधी कोणीतरी घेतला होता. जपानी नौदलाने 1940 मध्ये मित्सुबिशीकडून आपल्या जी4एम बॉम्बफेकी विमानाच्या घडणीचंच जड बंदुकांचं रक्षक विमान, जी6एम1, बनवून घेतलं. तीस विमानं झाली. आणि तिथेही हेच झालं: बॉम्ब टाकून हलकी झालेली विमानं परतताना पुढे निघून जात, रक्षक मागे राहत. जपान्यांनी ती प्रशिक्षणाला आणि वाहतुकीला लावली. अमेरिकनांना शत्रूच्या गोटातली ही माहिती मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण समुद्राच्या दोन टोकांना, एकमेकांशी न बोलता, दोन संघटना त्याच खड्ड्यात पडल्या. याचा अर्थ खड्डा कल्पनेतच होता, अंमलबजावणीत नव्हता.

तिसरी गोष्ट सुटे भाग सुटे तपासण्याची. या विमानात सहा-सात बदल एकदम केले होते. त्यातला एकच, नाकाखालचा बुरूज, मूळ अडचणीवर थेट उत्तर होता. बाकीचे बदल बंदुका जास्त म्हणजे रक्षण जास्त या हिशेबाने आले. नुसता बुरूज आधी साध्या बी-17 वर चढवून पाहिला असता तर तो काही महिने लवकर सगळ्यांना मिळाला असता, अशी शक्यता आहे. 17 ऑगस्ट 1943 ला श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर गेलेल्या 376 पैकी 60 विमानं पडली, 14 ऑक्टोबरला श्वाइनफुर्टवर पुन्हा 60. त्या आकड्यांत बुरुजाने किती फरक पडला असता हे सांगता येणार नाही, पण पहिल्या हल्ल्याला गेलेली बहुतेक विमानं अजून उघड्या नाकाची होती.

राहता राहिला तो बाजूला पडलेला तिसरा पर्याय, लांब पल्ल्याचं लढाऊ विमान. एक्सबी-40 पहिल्यांदा उडालं 10 नोव्हेंबर 1942 ला. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी, 30 नोव्हेंबरला, रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाच्या आराखड्यावर बनलेलं इंजिन बसवलेलं पी-51 चं पहिलं अमेरिकी नमुना विमान उडालं. दोन्ही नमुने एकाच महिन्यातले. एक काही महिन्यांत आघाडीवर पोचलं, दुसऱ्याला वर्ष लागलं. 1943 च्या डिसेंबरमध्ये पी-51बी विमानांचा पहिला गट इंग्लंडमधून बी-17 च्या सोबतीला निघाला. तोवर वायबी-40 शेवटचं उडून चार महिने झाले होते.